सगळ्यात पांढऱ्या गाठी

नगर,
१९ फेब्रुवारी २०२४

प्रिय सरू,

यंदा आमची भट्टी लवकर पेटली. होळी महिनाभर लांब आहे, पण व्यापाऱ्यांना दम नाही. घरभर पाकाचा वास भरला आहे आणि मुंग्यांनी दरवर्षीप्रमाणे देवघराच्या बाजूने वाट काढली आहे.

काल आमचा सुहास फळ्यावर मालाचा आकडा लिहीत होता, तेव्हा खडू खाली पडून फुटला. तो तुकडा उचलताना तू आठवलीस. शाळेत शनिवारी प्रार्थनेच्या रांगेत तू कॅनव्हासचे बूट खडूने घासून पांढरे करायचीस आणि उरलेला तुकडा मागे माझ्याकडे सरकवायचीस. सिस्टर ॲग्नेस बूट बघत बघत पुढे जायच्या. पांढरं ते स्वच्छ, असं त्यांचं ठरलेलं वाक्य. आपण किती विश्वासाने घासायचो.

एक विचारायचं होतं. मागच्या पाडव्याला पाठवलेला गाठींचा डबा संपला का? उरल्या असतील तर खाऊ नका. त्या मालाला ओल लागली असावी, एकदोघांची तक्रार आली आहे. मुंग्यांना घाल. नको, मुंग्यांनाही नको, सरळ टाकून दे. सिस्टरना खाडाखोड आवडत नसे म्हणून वरची ओळ तशीच ठेवते.

फोन केला असता, पण तो दुकानाचा, दिवसभर सुहासच्या हातात. आणि मला आता त्यात नुसती घरघर ऐकू येते.

अपूर्वा आणि अनीश पुण्यात मजेत असतील. दोघांना आशीर्वाद.

तुझी,
राजी


कर्जत,
२६ फेब्रुवारी २०२४

प्रिय राजी,

ओल कसली घेऊन बसलीस? कर्जतला ओल बघायची तर टँकर येईल त्या दिवशी बघावी लागते. तुझ्या गाठी दातांखाली कडकड वाजताहेत. खरं सांग, परदेशची मोठी ऑर्डर मिळाल्याचं सुहासने मागे सांगितलं होतं, ती पुरी होत नाही म्हणून जुना माल गोळा करत फिरते आहेस की काय?

परत मिळायचा नाही. अपूर्वा महिनाभर माझ्याकडे आली आहे. पित्ताने हैराण आहे बिचारी. पोळीचा वास सहन होत नाही, चहा नको, वरणभात बघितला तरी उलटी. तुझ्या गाठी तेवढ्या पोटात ठरतात. सकाळी डोळे उघडले की पाय जमिनीला लागायच्या आत एक गाठ गालात धरते, मग उठते. दुपारी मी गाठी पाण्यात विरघळवून देते. उन्हाळ्यात आपल्या नाकाचा घोळणा फुटला की माझी आई द्यायची तसं. थंड असतात ना.

डबा तळाला लागला आहे. ओल न लागलेला एक पाठव.

अनीश शनिवार-रविवार येऊन जातो. जावई कमी आणि मुलगा जास्त आहे. आल्या आल्या ओट्याशी उभा राहतो.

तुझी,
सरू


नगर,
२ मार्च २०२४

सरू,

हे वाचलंस की आधी जाऊन डबा काढून घे. बाकीचं मग वाच.

ओल लागलेली नाही. मी खोटं लिहिलं.

हे होते तोवर आमच्या गाठी घोटून पांढऱ्या व्हायच्या. तू पाहिलं आहेस. पाकात दूध घालून मळी काढायची, मग भट्टीवरचा हनुमंत तो पाक कढईच्या काठाला घासत राहायचा, आणि पिवळसर पाक हळूहळू दुधाळ होत जायचा. मग तो दोरा घातलेल्या साच्यांत ओतायचा. टाळेबंदीत हनुमंत गावी गेला तो परतला नाही. त्याच वर्षी हे गेले. पुढच्या हंगामात सुहासने एक पूड आणली. जराशी घातली की घोटायला नको, आणि गाठ अशी पांढरी की नजर ठरू नये. मी मुलाचं कौतुक केलं. बापामागे धंदा सावरला म्हणून शेजारणींना सांगत फिरले.

ती परदेशची ऑर्डर जर्मनीतल्या एका मराठी मंडळाची होती. माल तिकडे अडवला. मंडळाच्या बाईंनी सविस्तर लिहिलं आहे. त्या पुडीचं नाव टायटॅनियम डायऑक्साइड. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं ते. युरोपात दोन हजार बावीसपासून खाण्यात बंद आहे. तिच्यातले काही कण इतके बारीक असतात की केसाच्या जाडीत शेकडो शेजारी शेजारी बसतील. नॅनो म्हणतात त्यांना. साखर विरघळते, हे विरघळत नाही. बहुतेक पोटातून निघून जातं, थोडं आत राहतं. राहिलेलं पेशीत शिरून पुढे वर्षानुवर्षं काय करील, हे कुणी खात्रीने सांगू शकत नाही. अपाय सिद्ध झाला म्हणून बंद केलं नाही, निर्धोक म्हणता येईना म्हणून केलं. हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं की पाठ झालं.

सुहासला विचारलं तर म्हणाला, "आई, ते लोक मिरचीलासुद्धा घाबरतात. आपल्याकडे चालतं."

"कशात चालतं?"

"च्युइंगगममध्ये असतं. गोळ्यांमध्ये असतं."

"गाठीत चालतं का, ते विचारते आहे."

"तुला हवं तेवढं बरं ऐकू येतं गं," म्हणाला आणि बाहेर गेला. मग दाराशी येऊन उभा राहिला. चेहरा उतरला होता. त्यालाही माहीत नव्हतं, सरू. त्याने कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

आता सगळ्यात अवघड ते लिहिते. व्यापाऱ्यांचा माल कामाला येणारी लंकाबाई भरते. तुझा डबा मी भरते. ढिगातली एकेक गाठ खिडकीच्या उजेडात धरायची, जरा पिवळट वाटली की बाजूला ठेवायची. सगळ्यात पांढऱ्या त्या तुझ्या.

तू पित्त लिहिलंस, मी पित्तच वाचलं. पण पाय जमिनीला लागायच्या आत तोंडात कोरडं काही धरावं, हे पित्ताचं पथ्य नाही. सुहासच्या वेळी ते मला तुझ्या आईनेच सांगितलं होतं. जे असेल ते मला कळवू नकोस, पण डबा काढून घे.

राजी


कर्जत,
८ मार्च २०२४

राजी,

डबा रिकामा केला. अपूर्वाला सांगितलं की मुंग्या झाल्या. ती रडली.

तुझा तर्क बरोबर आहे. सहावा महिना लागला आहे. दोनदा हाती आलेलं गेलं, म्हणून यावेळी सातवा पुरा होईपर्यंत घरच्यांपलीकडे बोलायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. तुलाही सांगितलं नाही.

पहिलं एकवीस साली श्रावणात गेलं. दुसरं बावीसच्या दिवाळीनंतर. कारण सापडत नाही, असं होतं कधी कधी, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. दोन्ही वेळा तुझा डबा मी पुण्याला तिच्याकडे पोचवला होता. घरी एकटी मी कितीशी खाणार?

ती पूड नेमकी केव्हापासून घालता? साल आणि महिना लिही.

सरोजिनी


नगर,
१४ मार्च २०२४

सरू,

चाळीस वर्षांच्या पत्रांत तू मला पूर्ण नावाने सही केली नव्हतीस.

एकवीसच्या होळीपासून. म्हणजे दोन्ही वेळा.

हे लिहून पत्र तसंच ठेवलं.  मग उठून आमच्या गल्लीतल्या काकासाहेबांकडे गेले. राहुरीच्या विद्यापीठात अन्नशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहेत. मला ऐकू येत नाही म्हणून त्यांनी उत्तरं पाटीवर लिहून दिली. नातवाची पाटी होती. फ्रान्समधल्या एका अभ्यासात बायकांच्या, गर्भाला पोसणाऱ्या वारेत हे कण सापडले आहेत, म्हणजे आईकडून बाळाकडे जाऊ शकतात. पण सापडणं निराळं आणि इजा होणं निराळं. यामुळे कुणाचा गर्भ गेला असं माणसांत कुणी दाखवलेलं नाही.

मी म्हटलं, "मग या पुडीने काही होत नाही, एवढं पाटीवर लिहा."

त्यांनी पेन्सिल हातात धरली आणि धरूनच ठेवली. मग पाटी पुसली.

शाळेत "ठाऊक नाही" म्हटलं की बाकावर उभं राहावं लागायचं. मला तेव्हा बाकाची भीती वाटायची. आता वाटतं, एवढी शिकलेली माणसं सगळी बाकावर उभी आहेत आणि आपण खाली बसून त्यांच्याकडे बघतो आहोत.

घरी येऊन सगळ्यांसमोर सांगितलं की पूड बंद. सुहास म्हणाला, होळी दहा दिवसांवर आहे, घोटणार कोण? लंकाबाई साच्यांत दोरे घालत होती. ती म्हणाली, "बाई, पिवळी गाठ कुनी घेत न्हाई. पोरं म्हनत्यात जुनी हाय." मग तिला सगळं समजावलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "म्हंजी साच्यात राहिलेला तुकडा आमी रोज तोंडात टाकतो, त्यो बी त्योच. घरी पोरास्नी बी नेला. मंग आमचं काय वो?"

तिने रागाने नाही विचारलं. पाणी किती वाजता येणार, असं विचारावं तसं विचारलं. तुझाही प्रश्न तोच आहे, सरू. 

अपूर्वा कशी आहे तेवढं लिही. एक ओळ लिही.

राजी


नगर,
२२ एप्रिल २०२४

सरू,

तुझं पत्र नाही. पाडवा झाला. पूड बंद केल्यावर निम्मा माल व्यापाऱ्यांनी परत केला, शेवटच्या आठवड्यात सुहासने मला न विचारता पुन्हा पूड घातली. मी कढईवरून उठून आत गेले. एवढंच करता आलं.

परवा दुकानाच्या फोनवरून तुला लावला. कुणीतरी उचलला. अनीश असावा. काही सांगत होता, लांबलचक, आणि मला घरघर ऐकू येत होती. सुहासच्या हातात फोन देऊन "काय म्हणतात ते मला लिहून दे" म्हणायचं होतं. नाही धजावले. तो काय लिहून देईल याची भीती वाटली. बरं बरं म्हणून ठेवला.

बातमी चांगली असेल तर मी "बरं बरं" म्हणाले ते ठीक. वाईट असेल तर मला कधी माफ करू नकोस.

राजी


कर्जत,
२१ जुलै २०२४

प्रिय राजी,

मुलगी झाली. सहा तारखेला. थोडी आधी आली, वजन जरा कमी आहे, पण रडली चांगली. नाव मनवा ठेवणार आहेत.

फोनवर अनीश तुला सांगत होता की अपूर्वाला दवाखान्यात ठेवलं आहे, रक्तदाब वाढला आहे, आम्ही घाबरलो आहोत. तू "बरं बरं" म्हणालीस. तो म्हणाला, मावशी किती शांत आहेत. मला माहीत होतं तुला ऐकू आलं नसणार. तरी मी लिहिलं नाही. लिहायला बसले की तुझी सगळ्यात पांढऱ्या गाठींची ओळ समोर यायची आणि हात थांबायचा. तू प्रेमाने निवडल्या होत्यास, त्यामुळे तर रागवायलाही जागा उरली नव्हती.

बाळ झाल्यावर मी डॉक्टरीणबाईंना बाजूला घेतलं. म्हटलं, वार तपासता येईल का? त्यात असे असे कण आहेत का बघा. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, ते दिसायला लागतं ते यंत्र इथे नाही. मोठ्या शहरात पाठवून दिसले, तरी त्याचा अर्थ काय हे मी तुम्हाला सांगू शकणार नाही." मग वार नेहमीसारखी दवाखान्याच्या कचऱ्यात गेली. मी दारात उभी राहून बघत होते.

राजी, मला भीती कशाची वाटते ते तुलाच सांगू शकते. बाळ धडधाकट आहे. हात, पाय, डोळे, सगळं ठीक. दूध पिते, झोपते. मला दिसतं ते सगळं ठीक आहे. पण त्या कणांची गोष्टच अशी की दिसतं त्यात ते नसतात. ती झोपली की मी तिच्या पोटावर हात ठेवून बसते, जणू हाताला कळणार आहे. अपूर्वा म्हणते, आई, तिला झोपू दे.

आणि एक. अपूर्वाला नऊ महिने गोळ्या होत्या. लोहाच्या, कॅल्शियमच्या. परवा आवरताना एक रिकामी पट्टी हाती आली. चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचलं. औषधाचं नाव, मात्रा, आणि खाली रंग म्हणून तेच. तुझ्या पुडीचं नाव. गोळीवर पांढरं आवरण असतं ना, त्यासाठी. मी स्वतः रोज दुधाबरोबर ती गोळी तिच्या हातावर ठेवत होते, विसरू नये म्हणून कॅलेंडरवर खूण करत होते.

मग घरातलं सगळं वाचत सुटले. टूथपेस्ट, केकवर लावायची साय, लहान मुलांच्या चॉकलेटच्या रंगीत गोळ्या. कशावर लिहिलेलं आहे, कशावर लिहिलेलंच नाही. जिथे लिहिलेलं नाही तिथे जास्त भीती वाटते.

चार महिने मी सगळा दोष तुझ्या डब्यात भरून झाकण लावलं होतं. ते बरं होतं. डबा फेकला की दोष गेला. आता तो कुठे ठेवू?

तुझी,
सरू


नगर,
५ मार्च २०२५

प्रिय सरू,

जुलैपासून आपली पत्रं पुन्हा सुरळीत झाली, पण एक विषय आपण दोघींनी टाळला. आता होळी आठवड्यावर आली. मनवाची पहिली होळी. पहिल्या होळीला बाळाच्या गळ्यात गाठी आणि हातात साखरेचं कडं आजोळकडून जातं. अपूर्वाला मी घातलं होतं, आठवतं? तिने कडं चावून त्यातला दोरा गिळला होता आणि तू माझ्यावर ओरडली होतीस.

घरची गोष्ट आधी सांगते. सुहास व्यापाऱ्यांच्या मालात पूड घालतो अजून. कमी घालतो म्हणतो. एक कढई मात्र बिनपुडीची ठेवली आहे, तेवढं त्याने ऐकलं. तिचा माल दारात वेगळा मांडतो. लोक हातात घेऊन बघतात आणि पांढरी उचलतात. मी दुकानात बसते तेव्हा सांगते, ही घ्या. म्हणतात, आजी, शिळा माल खपवताय. लंकाबाई आता साच्यातला तुकडा तोंडात टाकत नाही. तिच्या धाकट्याचं पोट दुखलं की ती माझ्याकडे बघते. 

या पार्सलमध्ये एक माळ आणि एक कडं आहे. त्यांचा पाक मी घोटला आहे. दूध घालून मळी काढली, आणि कढईच्या काठाला घासत राहिले. मनगट सुजलं, मध्ये लंकाबाईने हात लावला, सुहास येऊन नुसता उभा राहिला आणि मग त्यानेही घोटलं. बापासारखाच डावा हात कमरेवर ठेवून घोटतो. मला माहीत नव्हतं.

पांढऱ्या झालेल्या नाहीत. जुन्या चादरीसारखा रंग आला आहे, एका गाठीचा काठ मोडला आहे. पण यात साखर आहे, दूध आहे आणि दोरा आहे. साखर मात्र मी केलेली नाही, दूधही नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल शपथ घेणार नाही. एका वर्षात मी एवढं शिकले.

घालावीशी वाटली तर घाल. नाही वाटली तर घातली असं खोटं लिहू नकोस. आपण दोघींनी एकेकदा लिहून बघितलं आहे.

तुझी,
राजी


कर्जत,
१५ मार्च २०२५

प्रिय राजी,

पार्सल होळीच्या आदल्या दिवशी मिळालं. मनवाने आधी पुठ्ठ्याचं खोकं चाखलं.

होळीच्या सकाळी माळ ताटात काढून ठेवली. अपूर्वा म्हणाली, "घाल ना आई. राजीमावशीने घोटली आहे." मी म्हटलं, थांब. काठ मोडलेली गाठ होती ना, तिचा तुकडा काढला आणि मी स्वतः खाल्ला. लहानपणीची चव होती. किंचित धुरकट, कढईची. मग मी संध्याकाळपर्यंत थांबले.

हसू नकोस. मला ठाऊक आहे हे संध्याकाळी कळत नाही. वीस-तीस वर्षांनी कळेल, आणि तेव्हा तुझ्यामाझ्यापैकी विचारायला कुणी नसेल. तरी बाळाच्या आधी कुणीतरी चाखायला हवं होतं. मला दुसरं काय येतं?

दिवेलागणीला माळ घातली. लगेच दोन्ही मुठींनी गाठ धरून तिने तोंडाकडे नेली. तिला दोन खालचे दात आले आहेत. मी हात धरला. अपूर्वा माझ्याकडे बघत राहिली, अनीश मोबाईल घेऊन फोटोसाठी थांबला होता.  मी माळ हळूच फिरवली आणि गाठी तिच्या पाठीवर नेल्या. पुढे नुसता दोरा. ती मागे हात नेऊ बघत होती आणि पोचत नव्हती.

फोटोसाठी अपूर्वाने गाठी पुढे घेतल्या. काढून झाल्यावर मी पुन्हा मागे नेल्या.

फोटो सोबत पाठवते. छान आला आहे, तुझी माळ अगदी समोर दिसते आहे. पण तू खोटं लिहू नकोस म्हणालीस, म्हणून सांगितलं.

तुझी,
सरू